डोळ्यांचा ब्रश

"पाणी मिळेल का जरा?" सासऱ्यांनी विचारलं.

"गार देऊ की साधं?" दुकानदार म्हणाला.

"साधंच द्या. प्यायला नकोय, तुमच्या मालाला आंघोळ घालायचीय."

हा विनोद त्या दोघांत किती वर्षं चालला होता कोण जाणे. दोघांपैकी कुणीच हसलं नाही. दुकानदाराने काचेचा पेला भरून काउंटरवर ठेवला, पाठकोरे कागद पुढे सरकवले आणि खालच्या खणातून ब्रशांचा लांबट डबा काढला. सासऱ्यांनी बाह्या दुमडल्या.

सून त्यांच्या शेजारी उभी होती. दहा महिन्यांची लेक छातीशी बांधलेल्या झोळीत पाय झाडत होती. दुकानात शिरल्यापासून एवढ्यात सुनेने काउंटरच्या कडेला उघडी पडलेली टाचण्यांची डबी आत ढकलली होती, टर्पेंटाइनच्या बाटल्यांपासून लांबची जागा धरली होती आणि स्टुलाचा एक पाय डुगडुगतोय हे सासऱ्यांना सांगून झालं होतं. आता तिचा उजवा तळहात काउंटरच्या टोकदार कोपऱ्यावर होता. बाळ अचानक पुढे झेपावलं, तर डोकं लाकडावर नको, तिच्या हातावर आपटावं, म्हणून. ही सवय तिला कधी लागली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जिथे जाईल तिथला कोपरा आधी तिच्या तळहाताखाली जायचा.

नवरा तिला 'भिंग' म्हणायचा. "आमच्याकडे डॉक्टर नंतर येतो, आधी भिंग बघून घेतं," असं तो मित्रांना सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. बाळाच्या पाठीवरचं पुरळ उठायच्या आधी तिला दिसायचं. वरणातला केस, दुपट्याचा सुटलेला धागा, खेळण्याच्या चाकाला पडलेली चीर, सगळं तिलाच आधी दिसायचं. दिसायचं म्हणून जीव टांगणीला लागायचा, आणि जीव टांगणीला लागायचा म्हणून आणखी दिसायचं.

सासऱ्यांनी एक ब्रश उचलला. टोकाशी सुईसारखा दिसत होता.

"हा तर मस्त आहे की, बाबा," ती म्हणाली.

"आता मस्तच दिसणार. कारखान्यातून खळ लावून पाठवतात. बघायला आलेल्या मुलासारखं केस चापून बसवलेले असतात. खळ धुतली की कळतं, मूळचा कसा आहे ते."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, पेल्याच्या तळाशी हळूच फिरवला, बाहेर काढून मनगटाने एक झटका दिला. सुईचा झाडू झाला होता.

"बघ. चला, पुढचा."

"तुम्ही ब्रश घेताय की जावई शोधताय?" दुकानदार म्हणाला.

"जावई एवढा बघून घेतला नसता. मुलगी नव्हती म्हणून सुटलो."

सासऱ्यांनी उभी हयात मॉडेलच्या कारखान्यात काढली होती. मोठ्या इमारती बांधायच्या आधी टेबलावर मावतील एवढ्या त्यांच्या प्रतिकृती करतात, त्याचा कारखाना. बाकीचे कारागीर पुठ्ठ्याच्या भिंती कापायचे, काचा बसवायचे, स्पंजची झाडं लावायचे. सासरे माणसं करायचे. इमारत केवढी मोठी आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून दारात, जिन्यावर, बाकावर ठेवायची, अंगठ्याच्या नखाएवढी माणसं. कारकून, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, शाळेतली मुलं, काठी टेकत चाललेला म्हातारा. इमारती पुढे खरोखर उभ्या राहायच्या, खऱ्या माणसांनी भरून जायच्या. मॉडेलं गोदामात जायची, आणि त्यांच्याबरोबर ती माणसंही.

सगळ्यांपेक्षा वेगळी गोष्ट ही, की ते माणसांना डोळे काढायचे. एवढ्याशा माणसाला डोळे कुणी काढत नाही. पूर्वीचे मालक म्हणायचे, "अहो, कोण बघणार आहे ते?" त्यावर हे हातातल्या माणसाकडे बोट दाखवायचे. "हा बघणार आहे. बिनडोळ्यांचं माणूस म्हणजे खुंटी. टोपी अडकवा तिला." मालक गेले, मालकांची मुलगी कारखाना बघायला लागली, सासरे निवृत्त झाले, सासूबाई गेल्या. तरी अधूनमधून कारखान्यातून पांढऱ्या, कोऱ्या माणसांचा डबा घरी यायचा आणि खिडकीपाशी त्यांचं टेबल पुन्हा मांडलं जायचं.

या वेळचा डबा लहान मुलांच्या दवाखान्याचा होता. कपडे रंगवून झाले होते. आया, बाप, नर्स, हाताला प्लास्टर घातलेला मुलगा. चेहरे मात्र अजून कोरे होते. मालकांच्या मुलीचा, म्हणजे कारखान्याच्या आताच्या बाईंचा, फोन येऊन गेला होता. "आता रंगवलेली माणसं यंत्रातून तयार मिळतात, काका. पण हा दवाखाना तुमच्याच हातचा हवा होता मला. जमत नसेल तर डबा तसाच परत पाठवा, संकोच करू नका."

"बघतो," एवढंच सासरे म्हणाले होते.

डबा तसाच परत गेला तर ते पुन्हा त्या टेबलाशी बसणार नाहीत, हे तिला लख्ख कळत होतं. नवऱ्याने तर बोलूनही दाखवलं होतं, "तिथे उजेड छान आहे. बाळाची खाट बसेल." तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. "बाबांचा हात थरथरतो गं आता. मी बघितलंय, कप धरताना. ब्रशचं काय घेऊन बसलेत."

कारण सासरे ब्रशचंच घेऊन बसले होते. याचे केस फाटले, त्याचं टोक वळलं, हा पाणीच धरत नाही. एकामागून एक ब्रश कचऱ्यात गेले होते. आणि हे कधीपासून सुरू झालं, ते तिला चांगलं माहीत होतं. म्हणूनच आज ती हट्टाने बरोबर आली होती.

सासरे ब्रशला टोक ओठांनी काढायचे. रंगात बुडवायच्या आधी ओला ब्रश ओठांत धरून हलकेच ओढायचा, की केस एकजीव होतात. आयुष्यभराची सवय. एके सकाळी टेबलाखाली पडलेला ब्रश बाळाच्या हाती लागला. बाळाने तो नुसता तोंडात घातला नव्हता. अगदी आजोबांसारखे ओठ चिमटून, डोळे बारीक करून त्याचं टोक ओढणं चाललं होतं. टोकाला हिरवा रंग होता. ती किंचाळलीच होती. बाळाचं तोंड धुता धुता सासऱ्यांना नाही नाही ते बोलली होती. विष असतं त्यात, तुम्हाला काही वाटत नाही का, तिच्यासमोर रोज तेच करता तुम्ही. दुसऱ्या दिवशी टेबलावर ओलं फडकं आलं आणि ओठांची सवय बंद झाली ती कायमची.

आणि त्यानंतर त्या माणसांचे डोळे बिघडायला लागले होते. म्हणजे नवरा काहीही म्हणो, ते तिच्यामुळेच.

"नायलॉनचे दाखवू का?" दुकानदाराने विचारलं. "हल्ली सगळे तेच नेतात."

"चार दिवस सरळ राहतात आणि मग टोक आकड्यासारखं वळतं. खऱ्या केसांचेच बघू."

"मग हा घ्या. सगळ्यात बारीक. डोळ्यांसाठी याच्यापेक्षा बारीक येत नाही."

तिलाही तेच बरोबर वाटलं. एवढासा डोळा, तेवढाच बारीक ब्रश. पण सासऱ्यांनी तो हातातही घेतला नाही.

"इथेच सगळे फसतात. याला पोटच नाही. रंग घेऊन चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच सुकून जातो. ब्रश कसा हवा? पोट भरलेलं आणि जिभेला टोक." त्यांनी बाळाच्या गालाला करंगळी लावली. "आमच्या ढब्बूसारखा."

ढब्बू खूश होऊन ब्रशांच्या डब्याकडे झेपावली. सुनेने झोळीसकट तिला मागे घेतलं.

मग जरा जाडसर ब्रशांची पाळी आली. सासरे एकेकाला धुवायचे, झटका द्यायचे. टोक आपोआप जमलं, तरच तो पुढच्या परीक्षेला. मग ओलं टोक अंगठ्याच्या नखावर टेकून दाबायचं आणि उचलायचं. केस पुन्हा ताठ उभे राहिले तर ठीक, वाकलेलेच राहिले तर बाद. शेवटी पाणी भरून कागदावर एक रेघ, हात न उचलता, पाणी संपेपर्यंत. बघता बघता बाद झालेल्यांचा ढीग लागला आणि अगदी थोडे ब्रश एका बाजूला उरले.

त्यातला एक त्यांनी पुन्हा ओला केला, उजेडाकडे धरला आणि सवयीने ओठांकडे नेला. ओठ उघडले. तेवढ्यात त्यांचं लक्ष झोळीकडे गेलं. बाळ टक लावून बघत होतं. त्यांनी ओठ मिटले, ब्रश खाली घेतला.

सुनेने ते पाहिलं.

"बाबा, मी तिला घेऊन जरा बाहेर उभी राहते. तुम्ही बघा तुमच्या पद्धतीने."

"नको नको. अगं, तूच बघ." त्यांनी ब्रश तिच्यापुढे धरला. "ओठांना कळायचं, एखादा केस बाहेर असला तर. डोळ्यांना आता तेवढं कळत नाही. तुला कळेल. तुला तर उद्याची सर्दी आज दिसते."

दुकानदार हसला. तिने काउंटरच्या कोपऱ्यावरचा हात काढून डावा तिथे ठेवला आणि उजव्या हाताने ब्रश घेतला.

"उजेडाकडे धर. आता हळूहळू फिरव. चहूकडून टोक एकच दिसलं पाहिजे."

तिने फिरवला. पहिल्यांदा तिला नुसता ब्रश दिसला. मग बाळाचं नख कापताना बघते तसं तिने बघितलं, आणि दिसलं. पूर्ण फेरीत एका जागी, अगदी एकाच, एक केस बाकीच्यांना सोडून बाहेर आला होता.

"याला एक केस आहे बाहेर."

"आहे ना? मला वाटलंच. हा?"

"याला दोन टोकं आहेत. अगदी जवळजवळ, पण दोन आहेत."

"शाब्बास. हा दोन बुबुळं काढणार एका डोळ्यात. पुढचा?"

तिला मजा यायला लागली. इतकी वर्षं ज्याच्यापायी टोमणे खाल्ले, ते आज उपयोगी पडत होतं. शेवटचे दोनच उरले. एक तिने फिरवला. टोकाच्या बाजूला जेमतेम दिसेल असा एक आखूड केस. दुसरा फिरवला. पुन्हा फिरवला. कुठूनही बघा, टोक एकच. तिने श्वास सोडला तर त्याने वाकेल, इतकं बारीक, आणि तरी सरळ.

हाच, असं ती म्हणणार होती, आणि थांबली.

तिच्या मनात आलं, हा घेतला तर मग काय? आजवर ब्रश वाईट होते. ब्रश वाईट होते तोवर सासरे चांगले कारागीर होते, ज्यांना आता धड माल मिळत नाही. हा ब्रश घरी नेला, आणि तरीही डोळा चुकला, तर बोल कुणाला लावायचा? त्यापेक्षा तो दुसरा, आखूड केसवाला. जवळजवळ चांगला. तो नेला तर एक कारण शिल्लक राहील. एक केस. सासऱ्यांना तो दिसत नव्हता. तिच्याशिवाय तो कुणालाच दिसत नव्हता.

दोन्ही हातांत दोन ब्रश घेऊन ती उभी राहिली. काउंटरचा कोपरा उघडा पडला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे तिने बघितलं. ते ब्रशांकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. तिला एकदम वाटलं, आपण बाळाला औषध साखरेतून देतो, तसं यांना द्यायला निघालो आहोत.

"हा," ती म्हणाली, आणि चांगला ब्रश पुढे केला. "याच्यात काही खोट नाही, बाबा. दुसऱ्यात एक केस आहे."

सासऱ्यांनी ब्रश घेतला. थोडा वेळ नुसताच बोटांत फिरवला.

"म्हणजे आता याच्या नावाने खडे फोडता येणार नाहीत," ते म्हणाले. "बांधा हो हा. नीट बांधा, सूनबाईंनी पसंत केलाय."

घरी परतताना वाटेतल्या बागेच्या बाकावर दोघं टेकली. बाळाला भूक लागली होती. तिने झोळीवर ओढणी घेतली. सासरे दुसरीकडे तोंड करून कबुतरं बघत बसले.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्या दिवशी जास्तच बोलले तुम्हाला."

"कुठल्या दिवशी? तू रोजच बोलतेस."

"ओठांवरून. तेव्हापासूनच तुमचं काम..."

"छे गं." ते कबुतरांकडेच बघत होते. "हात त्याच्या आधीपासूनच चुकत होता. मी चुकलेल्या माणसांना चष्मे लावत होतो. मागच्या वेळची बँक आठवते? अर्धी बँक काळ्या चष्म्याची होती. बाई म्हणाल्या, काका, एवढं ऊन कुठून आलं बँकेत?" ते हसले. "तू ओरडलीस ते बरंच झालं. मला सांगायला कारण मिळालं. आधी ओठ बंद झाले म्हणून, मग ब्रश वाईट म्हणून. चाललं होतं बरं."

"मग आज कशाला आलात एवढं निवडायला?" तिने विचारलं.

"एकदा चांगल्या ब्रशने चुकून बघावं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड खिडकीत आल्यावर ते टेबलाशी बसले. दवाखान्याची माणसं बुचांवर चिकटवून ओळीने मांडली होती. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, काळ्या रंगाचा थेंब बशीत काढला, डाव्या हाताचा उजव्या मनगटाला टेकू दिला आणि श्वास धरला. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिथून तिला त्यांची पाठ आणि उजवं कोपर दिसत होतं. कोपर पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं. फडकं उचललं जायचं, चेहरा पुसला जायचा. पुन्हा कोपर पुढे.

किती तरी वेळाने त्यांनी हाक मारली. "अगं, जरा बघतेस का, कालचं टोक तसंच आहे ना?"

ती हात पुसत आली. ब्रश उजेडाकडे धरून फिरवला.

"तसंच आहे, बाबा."

"हं." त्यांनी मान हलवली. "म्हणजे ब्रश नाही. चला, निकाल लागला. चहा टाक आता, आलं घालून."

चहा त्यांनी टेबलाशीच घेतला. माणसांकडे बघत, घुटका घुटका. मग कप बाजूला ठेवून एका माणसाला उचललं आणि बुचासकट उलटं फिरवलं. त्याची पाठ खिडकीकडे झाली. मग दुसऱ्याला. ती दारातून बघत होती. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "भिंगबाई, आज आत बसा जरा. मागून नजर टोचते."

ती आत गेली, आणि त्या दिवशी खरोखर तिने बघितलं नाही. तिच्या दृष्टीने ते फार अवघड काम होतं.

संध्याकाळी उजेड गेल्यावर त्यांनी ब्रश साबणाने धुतला. मग तिला बोलावून म्हणाले, "तेवढं टोक काढून दे. बोटांनी. साबण राहू दे थोडा, म्हणजे केस बसून राहतात." तिने अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून टोक जुळवलं. त्यांनी त्यावर प्लास्टिकची टोपी चढवली आणि ब्रश सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, बाळाचा हात कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी. डब्याचं झाकणही त्यांनी स्वतःच लावलं. आत बघू दिलं नाही.

माणसं उभी करायला ते नेहमी स्वतः कारखान्यात जायचे. ती त्यांना आणायला गेली तेव्हा मॉडेल पुरं झालं होतं. मोठ्या टेबलावर पांढरा दवाखाना उभा होता. बाई वाकून बघत होत्या.

"या," बाई तिला म्हणाल्या. "बघा तुमच्या सासऱ्यांनी काय केलंय."

समोरच्या अंगणातली सगळी माणसं पाठमोरी होती. आया, बाप, प्लास्टरवाला मुलगा, काठीवाली आजी, सगळे दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून. कुणाची मान जरा तिरकी, कुणाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. चेहरा एकाचाही दिसत नव्हता.

"पहिल्यांदाच असं झालंय, की माणसं नुसती उभी नाहीत, खरंच आत निघालीत," बाई म्हणाल्या. "सुचलं कसं हो तुम्हाला, काका?"

"दवाखान्यात आलेलं माणूस दाराकडेच बघतं," सासरे म्हणाले. "रस्त्याकडे कशाला बघेल?"

"पुढचा डबा शॉपिंग सेंटरचा आहे. पाठवू ना?"

"नको. पुढची आता यंत्रातलीच घ्या." त्यांनी स्पंजचं एक झाड बोटाने सरळ केलं. "फक्त घेताना डोळे तपासून घ्या. यंत्र सगळ्यांना सारखेच काढतं."

बाईंनी मॉडेलवरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

सून वाकून बघत होती. सगळीकडून एकदा फिरून आली तेव्हा तिला ती दिसली. अंगणाच्या कडेला, झाडाखालच्या बाकावर, एकटीच रस्त्याकडे तोंड करून बसलेली बाई. छातीशी झोळी. अंबाडा एका बाजूला घसरलेला, जसा तिचा दुपारपर्यंत घसरायचाच. मान खाली, झोळीतल्या बाळाकडे. डोळ्यांच्या जागी फक्त मिटल्यासारख्या दोन पापण्या होत्या, दोन बारीक रेघा, आणि त्या कुठेही थरथरल्या नव्हत्या. बाईचा एक हात बाळाच्या पाठीवर होता. दुसरा बाकाच्या कडेला, कोपऱ्यावर उपडा ठेवलेला.

तिने आणखी वाकून बघितलं.

"तिला डोळे काढावेच लागले नाहीत," शेजारून सासरे म्हणाले. "खाली बघतेय ना. तेवढं जमलं. ब्रश खरंच चांगला निघाला गं."

तिला उत्तर द्यायचं होतं, पण झोळीतली ढब्बू त्या चिमुकल्या माणसांकडे दोन्ही हात पसरून झेपावली. सासऱ्यांचा हात आधीच टेबलाच्या कोपऱ्यावर होता. थरथरत होता, पण कोपरा पुरता झाकलेला होता.